बर्फतात्यांचा बंदोबस्त

कोल्हापूरच्या थंडीचं काय घेऊन बसलाय. पहाटे येते, दूध घालणाऱ्यांबरोबर गल्लीतनं एक चक्कर मारते आणि नऊच्या आत आपल्या वाटेनं जाते. दुपारी पंखा लावायचा की नाही यावरनं आमच्यात डिसेंबरातसुद्धा भांडणं होतात. इथं धडधाकट माणूस स्वेटर घालून रस्त्यावर आला, तर लोक काळजीनं विचारतात, "काय पावणं, ताप आलाय काय?" आणि असल्या या थंडीशी एक माणूस सात वर्षं लढत होता. माझ्या भिंतीला भिंत लावून, हातोडी, खिळे, फटीत भरायची लांबी आणि गोणपाट घेऊन. मी घरी शिवणकाम करते. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईच्या कानाशी सात वर्षं हातोडी चालली तर काय होतं, ते माझ्याकडं येणाऱ्या बायकांना विचारा. एकीच्या ब्लाउजला मी तीन बाह्या कापल्या होत्या.

त्यांचं नाव गणपतराव चौगुले. पण शाहूपुरीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांची बत्तीस वर्षं नोकरी झालेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना बर्फतात्या म्हणायची. अंगानं किरकोळ, चालणं झपाझप, आणि दसरा झाला की डोक्यावर माकडटोपी. ती टोपी होळीच्या दिवशी उतरायची. त्याच्या आत कुणी मरो की कुणाचं लग्न असो, तात्या टोपीतच. कुणी काही बोललं तर म्हणायचे, "बत्तीस वर्षं गारठा खाल्लाय. हाडात बसलाय त्यो." तेही खरंच होतं. मे महिन्यात त्यांच्या हातनं पाण्याचा तांब्या घेतला तरी बोटं गार लागायची.

रिटायर झाल्यावर लोक देवळात बसतात, शेतावर जातात, नातवंडं सांभाळतात. तात्यांनी स्वतःचं घर हातात घेतलं. घर जुनं, कौलारू, दगडमातीच्या भिंतींचं. त्यात वारा यायला जागा काय कमी? "थंडी आत ठिवायची विद्या हाय माझ्याकडं," ते सांगायचे. "आता तीच बाहीर ठिवायची. काम तेच, तोंड फकस्त उलटं."

त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं तेव्हा माझी फसगत झाली. दिवाळी संपलेली, सकाळची वेळ. खिडकीतनं बघते तर तात्या हातात पेटती उदबत्ती घेऊन भिंतीच्या कडेकडेनं अगदी हळू चाललेले. दाराच्या चौकटीला ओवाळलं, खिडकीला ओवाळलं, मग स्टुलावर चढून आढ्याला. मला वाटलं, काहीतरी व्रत असेल. मीही आपली हात जोडून उभी राहिले.

"हात खाली घे सुमन," तात्या म्हणाले. "गळती बघालोय."

धूर जिथं हलला तिथं फट. फटीवर खडूनं फुली, फुलीवर लांबी, लांबीवर चिंधी, चिंधीवर पट्टी आणि पट्टीवर खिळा. दोन दिवसांत त्यांच्या भिंती इतक्या फुल्यांनी भरल्या की नापास पोराची वही बघावी.

गळतीवर त्यांचा फार विश्वास. जगात जे काही बिघडतं ते कुठल्यातरी फटीनं बिघडतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. माझ्या नणंदेच्या पोराचं लग्न तिसऱ्यांदा ठरता ठरता मोडलं, तेव्हा आम्ही सगळे त्याच्या पत्रिकेला बोल लावत बसलो होतो. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पत्रिका बाजूला ठेवा. गळती हाय कुठंतरी. आतली गोष्ट बाहीर कोण सांगतंय ते हुडका." हुडकलं. गळती म्हणजे खुद्द नणंदच निघाली. गावभर पोराच्या घोरण्याचं कौतुक सांगत सुटली होती.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला पाहिजे. आक्कासाठी. आक्का म्हणजे तात्यांची बायको. माहेर निपाणीकडचं, बोलणं कमी, आणि नजर अशी की दूध घालणारासुद्धा माप जरा जास्तच ओतायचा. तर या आक्काचे गुडघे थंडीनं धरतात, असं तिचं म्हणणं. दिवाळी झाली की ती पिशवी भरायची आणि रत्नागिरीला लेकीकडं जायची. तिकडं उबदार असतं म्हणून. पहिल्या वर्षी पंधरा दिवस राहिली. दुसऱ्या वर्षी महिना. मग संक्रांत तिकडंच, मग शिवरात्र तिकडंच, आणि मागच्या वर्षी तर पाडव्याला गुढी उभारायच्या वेळी उतरली.

ती गेली की तात्यांची दशा बघवायची नाही. सकाळी साखर मागायला यायचे आणि साखर विसरून जायचे. दुपारी ती न्यायला यायचे आणि बसून राहायचे. मी शिवत असायची, ते समोर स्टुलावर, माकडटोपीत.  फक्त माझ्या फोनची रिंग झाली की विचारायचे, "रत्नागिरी काय?" मी म्हणायची, नाही, अस्तरवाला. मग टोपी कानावर ओढायचे. मला रागही यायचा आणि गलबलूनही यायचं. एकदा साडीला फॉल लावत होते, तर आपणहून म्हणाले, "एक दिस तिकडनं फोन करंल बघ. म्हणंल, हितंच बरं हाय, मी काय आता येत न्हाय. मग मी काय करायचं?"

"तिला सांगा की तात्या, जाऊ नको म्हणून."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना भर चौकात नाचायला सांगितलं. "बायकूला असं तोंडावर सांगत्यात व्हय?" म्हणाले, आणि उठून उरलेल्या फटी बुजवायला गेले.

म्हणजे हिशेब साधा होता. घर उबदार झालं की गुडघे दुखणार नाहीत, गुडघे दुखले नाहीत की आक्का जाणार नाही. आणि आक्का गेलीच, तर त्याचा अर्थ बंदोबस्त कमी पडला. मग पुढच्या वर्षी दुप्पट.

दुप्पट म्हणजे काय, तर ऐका. तिसऱ्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की फटी बुजवून भागत नाही, भिंतीलाच पांघरूण पाहिजे. ऊसतोडीचे दिवस. मुरगूडच्या भाच्याला सांगून त्यांनी ट्रॉलीभर वाडं आणवलं. वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. बांबू ठोकून, काथ्यानं बांधून, उत्तरेकडची अख्खी भिंत त्यांनी त्या वाड्यानं झाकली. घर हिरवंगार दिसायला लागलं. जाणारेयेणारे थांबून फोटो काढत होते.

आता कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वाडं हे म्हशीचं खाणं. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला मारुती गवळ्याचा गोठा, चार म्हशींचा. मी म्हटलं, "तात्या, मारुतीच्या म्हशी ह्याच वाटेनं जातात."

"खाऊन पिऊन निघत्यात त्या. पोट भरलेलं असतंय," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा झाल्यावर मारुतीनं म्हशी पाण्यावर काढल्या. चारी म्हशी भिंतीपाशी आल्या आणि लग्नाच्या पंगतीला बसावं तशा ओळीनं उभ्या राहिल्या. तात्यांनी चप्पल काढून हाणली, काठी आपटली, बर्फाच्या कारखान्यातल्या सगळ्या शिव्या दिल्या. म्हशींनी कानसुद्धा हलवला नाही. अर्ध्या तासात भिंत स्वच्छ झाली. काथ्यासकट. माफी मागायला म्हणून संध्याकाळी मारुती दारात आला, पण मुद्द्याचंच बोलला, "तात्या, दूध वाढलंय. उद्या काय लावणार हायसा भिंतीला?"

आक्का दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं रत्नागिरीला गेली.

पुढच्या एका वर्षी थर्माकोल आला. बर्फाच्या धंद्यातल्या ओळखीनं तात्यांनी मासळीवाल्यांकडची रिकामी खोकी मिळवली, फोडली आणि कौलांखाली छत मारलं. खोकी धुतली होती, असं ते शपथेवर सांगतात. मांजरांचं मत वेगळं होतं. आमच्या आणि बाजूच्या दोन गल्ल्यांतली झाडून सगळी मांजरं त्या कौलांवर मुक्कामाला आली. कौलं सरकली, आणि जिथं एकेक फट होती तिथं हात जाईल एवढी भोकं पडली. आक्कानं एकदा वर बघून हुंगलं आणि सोमवारचं तिकीट बदलून शुक्रवारचं करून आणलं.

गोणपाटाचे पडदे शिवायचे माझ्या गळ्यात मारले, ते वेगळंच. गोणपाटानं माझ्या यंत्राच्या सुया मोडल्या, आणि त्याच्या धुरळ्यानं मी आठ दिवस शिंकत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, जाऊन भडंगाचा पुडा घेऊन आले, आणि मी खायला लागल्यावर विचारलं, "मग राहिलेले दोन पडदे कवा देतीस?" असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग सातव्या वर्षी आला दरवाजा.

तात्यांचा तो बर्फाचा कारखाना बंद पडला आणि सगळं सामान भंगारात निघालं. ते घेतलं सलीमभाईंनी. सलीमभाईंचं भंगाराचं दुकान शाहूपुरीतच, बापजाद्यांपासनं. त्यांनी जुन्या ओळखीनं तात्यांना फोन केला, "तात्या, थंड्या खोलीचं दार निघालंय. बघायला येताय काय शेवटचं?" तात्या बघायला गेले ते दार टेम्पोत घालूनच आले. वीतभर जाड दार, दोन्ही अंगांनी पत्रा, आत बूच भरलेलं, बाहेरून हातभर लांबीचं लोखंडी हँडल. उतरवायला सहा माणसं लागली. जाताना सलीमभाईंनी बजावलं, "तात्या, हँडल बाहेरनं हाय. आतनं उघडायला ती एवढीशी मूठ हाय बघा, ती तेवढी सांभाळा."

"सलीम, मला शिकवू नका," तात्या म्हणाले. "बत्तीस वर्षं ह्या दाराला सलाम ठोकलाय."

ते दार त्यांनी घराच्या मधल्या खोलीला बसवलं, जिथं आक्का झोपायची. भिंत फोडली, चौकट सिमेंटात बसवली. खोलीच्या दोन्ही खिडक्या आधीच्या वर्षी विटांनी बंद झालेल्या होत्याच, आणि कौलांखाली फळ्या मारून लांबी भरलेली होती. आक्का हे सगळं चहा गाळता गाळता बघत होती.  गुरुवारचं तिकीट काढलेलं होतं. पिशवी भरलेली होती.

मंगळवारी दुपारी चारला तात्या मला बोलवायला आले. "ट्रायल हाय. तू साक्षीदार." गळ्यात टेप तशीच, मी गेले. आत खाटेवर आक्का, पायाशी तिची पिशवी. खाटेवर दोन रग, एक वाकळ. तात्यांनी उदबत्ती पेटवली, कडेला धरून दार ओढून घेतलं. धप्प असा आवाज झाला आणि मग कसलाच आवाज नाही. कान बसल्यासारखे झाले. बाहेरची गल्ली, गाड्या, कुकरच्या शिट्ट्या, सगळं जग कुणीतरी पुसून टाकलं.

"धूर बघा," तात्या कुजबुजले.

धूर सरळ वर चालला होता. गवंड्याच्या ओळंब्यासारखा, पण खालून वर. तसूभर हलत नव्हता. तात्यांनी उदबत्ती दाराशी नेली, कोपऱ्यात नेली, छताला धरली. सरळच. त्यांचे डोळे भरून आले. सात वर्षांत असा धूर त्यांना मिळाला नव्हता.

"एक बी गळती न्हाय," ते म्हणाले. "अगं, बघ. आता कुठली थंडी आनि कुठलं गुडघं."

आक्कानं पदरानं मानेचा घाम पुसला. "बघितलं. उघडा आता."

तात्यांनी दाराकडं हात नेला आणि तो तिथंच थांबला. मी बघितलं. जिथं मूठ असायला पाहिजे होती तिथं पांढरी लांबी, छान गुळगुळीत घासलेली.

"तात्या, मूठ?"

"तितनं गळती होती," तात्या म्हणाले. "सकाळीच काढून टाकली."

मी दार बडवलं. आक्कानं बडवलं. माझा फोन घरी यंत्राशेजारी, आणि तात्यांचा बाहेर ओट्यावर. फोनमध्ये थंडीचा आकडा दिसतो ना, तर त्याला खरी थंडी कळावी म्हणून ते तो रोज उघड्यावर ठेवायचे. मी ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. तात्या शांतपणे म्हणाले, "ह्या दारातनं आवाज जात न्हाय," आणि सांगताना त्यांची छाती जरा फुगली होती. मला ती उदबत्ती त्यांच्या टोपीला लावावीशी वाटली.

अर्धा तास गेला. तीन माणसं, उदबत्तीचा धूर आणि ती वाकळ. घामानं माझा ब्लाउज पाठीला चिकटला. तात्यांनी मात्र टोपी काढली नव्हती. शेवटी आक्का बोलली.

"अहो, माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीया?"

तात्यांना कळेना. "म्हंजे? दुखत्यात न्हवं थंडीनं?"

"कुठलं दुखायला? उभ्यानं जोतिबाच्या पायऱ्या चढतो मी अजून." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला येतो-जातोच म्हणतात, आणि आक्का तर जास्तच ठसक्यात म्हणायची. "दिवाळी झाली की घरात हातोडी सुरू. खिडकी उघडाय येत न्हाय. भिंतीला म्हशी, छताला मांजरं, उशाला मासळीचा वास. माणसानं जावं कुठं? मी थंडीला भिऊन रत्नागिरीला जात न्हाय. तुमच्या ह्या बंदोबस्ताला भिऊन जातो. मला तर गार वारंच आवडतंय."

तात्या खाली बसले. नेमके आक्काच्या पिशवीवर.  मी टेपवरचे इंच मोजत होते, कारण अशा वेळी तिसऱ्या माणसानं बघायचं कुठं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

"सात वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सात वर्षं."

"मग सांगायचं न्हाईस?"

"तुम्ही कधी म्हणलासा काय, जाऊ नको म्हणून?"

मला वाटलं, आता तात्या फटीबद्दल काहीतरी बोलतील. पण त्यांनी टोपी काढली. नोव्हेंबरात, माझ्या देखत, टोपी काढली आणि ती हातात पिळत विटांनी बंद केलेल्या खिडकीकडं बघून म्हणाले, "जाऊ नको. तू गेलीस की करमत न्हाय. घास गिळत न्हाय. एक दिस तिकडंच राहशील म्हणून भ्या वाटतंय."

आक्का थोडी सरकली आणि खाटेवर त्यांना जागा केली. मला रडू येत होतं आणि घामामुळं कुणाला ते कळणार नव्हतं, एवढं बरं.

साडेपाचला मारुती दूध घेऊन आला. हाका मारल्या, ओ नाही. घरात शिरला. ते हँडल ओढून बघायची त्याला पहिल्या दिवसापासनं इच्छा होती. त्यानं ओढलं, आणि आम्ही तिघं धुरासकट बाहेर पडलो. मारुतीनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय ओ, वाफारा घ्यालाय काय आत?"

तात्यांनी त्याला पहिलं हेच विचारलं, "आमची हाक ऐकू आलती तुला?"

"न्हाय बा."

"बघ," तात्या माझ्याकडं वळून म्हणाले. "दार एक नंबर हाय." आणि हातोडी आणायला गेले.

पुढचे चार दिवस पलीकडनं पुन्हा ठोकाठोक चालू होती, पण या वेळी उलटी. पट्ट्या निघत होत्या, गोणपाट निघत होतं, विटा पडत होत्या. सलीमभाई हसत हसत दार परत घेऊन गेले. गुरुवारची गाडी आक्काविना गेली. मी तिला विचारलं, मग यंदा राहणार ना? ती म्हणाली, "बघतो. पिशवी रिकामी केली न्हाय अजून. परत काय बंद करताना दिसले की निघालो."

त्याच जानेवारीत आम्ही ती गल्ली सोडली. फ्लॅट घेतला होता, तिकडं राहायला निघालो. सकाळी साडेसहाला टेम्पो भरला. आणि त्या दिवशी, काय सांगू, कधी नव्हे ती खरीखुरी थंडी पडली होती. बोलताना तोंडातनं वाफ निघत होती. टेम्पोवाल्यानंही मफलर गुंडाळला होता. तात्यांच्या घराचं पुढचं दार सताड उघडं, मागचं दार सताड उघडं, सगळ्या खिडक्या उघड्या. पडदा तर एकही नव्हता. वारा पुढनं शिरून परसातनं बाहेर पडत होता. आक्का साध्या सुती साडीत, पदर खोचून, अंगणात सडा टाकत होती. आणि तात्या ओट्यावर बसलेले. दोन स्वेटर, वर शाल, पायात मोजे, दातांवर दात वाजतायत.

मी टेम्पोत पुढं बसले होते. ते उठून काचेपाशी आले. निरोपाचं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना, म्हणून मी आपलं रागावूनच म्हटलं, "तात्या, आजारी पडाल. एक खिडकी तरी लावून घ्या की."

त्यांनी मागं वळून बघितलं. आक्का तुळशीपाशी होती, ऐकू जाईल अशी नव्हती. तरी ते काचेत वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सुमन, संक्रांत झाली. अजून घरात हाय ती. आता खिडकीला हात लावू व्हय मी?"